गच्चीवरून पाचवं शील

गेल्या उन्हाळ्यात चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नात मी पाचवं शील दोनदा दिलं आणि चौथं दिलंच नाही. मंडपात तीनेकशे माणूस होतं. सगळ्यांनी माझ्यामागून पाचवं दोनदा म्हटलं. एकानंही मान वर केली नाही.

ज्यांनी आमच्याकडचं लग्न पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमची बौद्ध पद्धतीची लग्नं. मंचावर बुद्धमूर्ती, तसबीर, मेणबत्त्या, समोर पांढऱ्या कपड्यांत नवरानवरी. कोणी जाणतं माणूस माइक हातात घेऊन पालीत त्रिशरण आणि पंचशील म्हणतं, एकेक ओळ, आणि सगळा मंडप ती ओळ मागून म्हणतो. याला शील देणं म्हणतात. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वावगं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, आणि पाचवं, दारूला शिवणार नाही. काही घरं यासाठी भंतेजींना बोलावतात, काही शिकलेल्या बौद्धाचार्यांना. आमच्या खानदानात हे काम सव्वीस वर्षं माझ्याकडे होतं. पाली मला फार येते अशातला भाग नाही. माझा आवाज मोठा आहे आणि मंडपवाल्याचा माइक बंद पडला तरी मी बंद पडत नाही, एवढीच माझी लायकी. पहिल्यांदा मी शील दिलं ते थोरल्या भावाच्या मुलाच्या नामकरणाला. त्यानंतर जे कोणी जन्मलं, लग्नाला उभं राहिलं किंवा गेलं, त्या प्रत्येकाच्या कार्यक्रमात लोकांनी माझ्यामागून पाच शीलं घेतली.

आणि या सव्वीसातली निदान वीस वर्षं मी पाचवं शील वास दबावा म्हणून तोंडात लवंग धरून दिलं.

माझं बीबी गावात स्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार उपसायची, नवी भरायची. तारेचे वेढे मोजताना बोलता येत नाही, म्हणून दिवसभर गप्प बसल्याची भरपाई मी संध्याकाळी करायचो. दोन पेग पोटात गेले की मला गोष्टी सुचायच्या. मी पिऊन नाल्यात पडलो त्याची गोष्ट मीच अशी रंगवून सांगायचो की ऐकणारे मला पुढच्या वेळी पुन्हा पाजायचे, नवी गोष्ट मिळावी म्हणून. खानदानातली पोरं माझ्या दारूच्या गोष्टींवर मोठी झाली. मला त्याचा अभिमान होता, हे लिहितानाही थोडा आहे.

तर त्या लग्नाहून परतताना बायको स्कूटी चालवत होती आणि मी मागं बसलो होतो. लग्नाहून परतताना आमचा हाच नेम.

"चौथं कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"काय चौथं?"

"खोटं नाई बोलाचं, ते. तुमी देल्लंच नाई. पाचवं दोनदा देल्लं."

मी हसलो. "मंग बरं झालं ना! त्या पोरीले नवऱ्यासंग खोटं बोलाले मोकळीक, अन् जावयाची दारू डबल बंद."

अशा वेळी ती मनाविरुद्ध का होईना हसते. त्या दिवशी हसली नाही. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "मले आज तुमची लाज नाई वाटली. कीव आली. लाज वाटत व्हती तवर बरं व्हतं."

या वाक्याची गोष्ट करता येईना. मी चार दिवस प्रयत्न केला.

पाचव्या दिवशी दुकानात एकटा असताना मोबाइलला तोंडानं विचारलं, दारू कशी सोडावी. टाइप करायला बोटं स्थिर नव्हती. तेव्हापासून महिनाभर तो मोबाइल मला दारुडा म्हणून ओळखू लागला. काहीही उघडा, वर दारू सोडवणाऱ्या भुकटीची जाहिरात. चव नाही, वास नाही, पिणाऱ्याला न सांगता भाजीत मिसळा. हीच जाहिरात बायकोलाही दिसत असणार या शंकेनं मी आठवडाभर प्रत्येक घास हुंगून खाल्ला.

"काय हुंगून राह्यले?" शेवटी तिनं विचारलं.

"यात काई टाकलं तं नाई ना?"

"टाकलं ना. मीठ. साऱ्याच्या घरी टाकतात तसं."

त्या सगळ्या भुकट्यांच्या खाली एक पान सापडलं. तिथं काही लोक मराठीत आपापलं लिहीत होते. नाव नाही, गाव नाही. एकानं लिहिलं होतं, आज तिसरा दिवस, घाम थांबत नाही. त्याला कोणीतरी उत्तर दिलं होतं, घाम जाईल, पण हात फार कापत असतील किंवा भास होत असतील तर आधी डॉक्टरकडे जा, इथं फुशारकी मारू नका. मी माझे हात पाहिले आणि डॉक्टरकडे गेलो. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम मेहकरला गेलो. तिथल्या बाकावर आमच्या वस्तीतले तिघं बसलेले होते. चौघांनीही एकमेकांना सर्दी झाल्याचं सांगितलं.

त्या पानावरच्या लोकांची रोज संध्याकाळी आठला मोबाइलवर बैठक असायची. कॅमेरा बंद, नाव आपल्या आवडीचं. मी 'वऱ्हाडी' झालो. ज्याला बोलायचं त्यानं आधी म्हणायचं, मी दारुडा आहे, आणि मग तीन मिनिटं आपलं सांगायचं. दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही, मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. कोकणातले एक म्हातारे शिंपी होते. मशीन बंद करून ते बोलायला बसायचे, पण पाय सवयीनं पायडलवर जायचा आणि मधेच मशीन सुरू व्हायचं. नागपूरच्या एक बाई होत्या, त्या ही बैठक चालवायच्या. शाळेत नोकरीला असाव्यात, कारण कोणी तीन मिनिटांच्या वर गेलं की त्या नुसतं "हं" म्हणायच्या आणि माणूस वाक्य अर्धं सोडून गप्प व्हायचा.

मी तीन आठवडे गप्प होतो. बायको म्हणाली, "तुमाले दारूपेक्षा हेच जड जाऊन राह्यलं."

आमच्या घरात रेंज येते ती फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीला पाठ टेकवली तर. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी मुलीचे इअरफोन कानात घालून टाकीला टेकलो आणि बाईंनी विचारलं, "वऱ्हाडी, आज तुम्ही?" मी डोळे मिटले. आता, कानात ते बोंडूक घातलं की कोणताही माणूस मोठ्यानं बोलतो. आणि माझा आवाज तर सव्वीस वर्षं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायच्या सवयीचा. मी एकेक शब्द सुटा करून, शील देताना लावतो त्याच सुरात म्हणालो:

"मी. दारुडा. आहे."

पुढचं मला नंतर कळलं. समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजीनं सूर ओळखून हात जोडले आणि शील झाल्यावर म्हणतात तसं "साधू, साधू, साधू" म्हटलं. पलीकडच्या घरातून एक दोस्त ओरडला, "मालूम हाये बे! त्यात नवं काय?" विहारासमोर कॅरम खेळणाऱ्यांनी सोंगट्या सोडल्या. आणि मी कानात बोंडं घालून तीन मिनिटं पूर्ण बोललो. नाला सांगितला, लवंग सांगितली, दोनदा दिलेलं पाचवं सांगितलं. बायकोला माझी कीव आली, तेही सांगितलं.

कानातलं काढलं तेव्हा खाली गल्लीभर माणसं वर पाहत उभी होती. बायको जिन्याच्या तोंडाशी आली. "झालं? आता खाली या. साऱ्या वस्तीनं आयकलं."

तिकडं बैठकीत शिंपीकाका इतकंच म्हणाले होते, "वऱ्हाडी, फोन जरा लांब धरत जा."

दोन दिवस लोकांनी मजा केली. पोरं मला गच्चीवाले काका म्हणू लागली, ते मला आवडलंही. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी त्याची मोटार भरून घ्यायला आला. या माणसासोबत मी किती संध्याकाळी काढल्या त्याची गणती नाही. मोटार ठेवून तो घुटमळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, तुमी दारुडे व्हय? मले नव्हतं मालूम." त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच धक्का होता. त्याच्या ग्लासात सोडा मी ओतलेला, माझ्या ग्लासात त्यानं. पण दारुडा हा शब्द आमच्यात कोणी काढला नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी आजवर सगळं ठीक होतं.

मग दादा आला. थोरला भाऊ. एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. अजूनही कोणी समोर आलं की हा कुठं उतरणार हे आधी पाहतो. तो खुर्चीवर बसला नाही, दारातच उभा राहिला.

"पेत व्हतास तं पेत व्हतास. कोणी काई म्हटलं तुले?"

"नाई."

"मंग आता बोंबलून काऊन राह्यला?"

"दादा, मी सोडून राह्यलो ना."

"सोड ना बे! गुपचूप सोड. पेत व्हता तवा सांगत फिरत व्हता का लोकायले?"

"सांगा लागत नव्हतं. लोकंच उचलून घरी आणून टाकत व्हते."

तो हसला नाही. "पोराचं लग्न हाये डिसेंबरात. नवरीकडचे जालन्याचे, सारे नोकरीवाले. त्यायच्या कानावर गेलं तं?"

"काय? का नवरदेवाच्या काकानं दारू सोडली?"

"का नवरदेवाचा काका दारुड्या हाये!"

"ते तं व्हतोच."

"व्हता तवा कोणी म्हणत नव्हतं!" दादा ओरडला, आणि मला त्याच्या तोंडातल्या लवंगेचा वास आला. सकाळचे अकरा वाजले होते. लवंगेबद्दल बोलायचा अधिकार मला कुठून असणार?

मग त्यानं खरं काम सांगितलं. जालन्याच्या मंडळींच्या कानावर आधीच गेलं होतं. दादानं त्यांना फोनवर सांगून टाकलं होतं की ती नाटकाची तालीम होती. विहारात व्यसनमुक्तीवर नाटक बसवणं चालू आहे, भाऊ त्यात काम करतो. रविवारी ते लोक तारीख पक्की करायला येणार. त्यांनी विचारलं तर मी फक्त हो म्हणायचं. आणि लग्न होईस्तोवर ते मोबाइलवरचं बंद.

"एवढं कर. मंग शील तूच दे. नाई तं मले दुसरा माणूस पाहा लागन."

दादाला नेम धरता येतो. त्या पोराच्या नामकरणाला मी पंचवीस वर्षांचा होतो आणि भीतीनं तिसऱ्या ओळीला माझा घसा बसला होता. तोच पोरगा मोठा होऊन सुट्ट्यांत माझ्या दुकानात तार गुंडाळत बसायचा. नवरदेव म्हणून तो उभा राहील तेव्हा समोर माइक घेऊन मी असेन, हे मी इतकं धरून चाललो होतो की त्या दिवशीच्या सदऱ्याचं कापडसुद्धा पाहून ठेवलं होतं. मी दादाला म्हणालो, विचार करतो. आणि खरंच केला. बायकोला विचारलं, तर म्हणाली, "तुमचं तोंड हाये. काय बोलाचं ते तुमी ठरवा."

रविवारी जालन्याची मंडळी आली. मुलीचे वडील, म्हणजे आमचे होणारे व्याही, शाळेत मास्तर. सभ्य माणूस. चहा झाला, तारीख निघाली, आणि मग ते माझ्याकडे वळून अगदी आवडीनं म्हणाले, "तुमचे भाऊ सांगत होते, तुम्ही नाटक बसवताय म्हणे. मीही शाळेत बसवतो दरवर्षी. विषय काय घेतलाय?"

दादा माझ्याकडे पाहत होता. पुतण्या फरशीकडे पाहत होता.

खरं सांगतो, माझी जीभ शिवशिवली. एक हो म्हणायचा होता. मी जन्मभर गोष्टी जुळवलेला माणूस, पाच मिनिटांत तीन अंकी नाटक उभं केलं असतं. नाटकाचं नावसुद्धा सुचलं होतं आणि ते चांगलं होतं. पण हो म्हटलं की आज संध्याकाळी आठला मी कुठं असणार, हे मला दिसत होतं. आधी गच्ची बंद, मग दुपारी दादाबरोबर लवंग.

"नाई पाहुणे," मी म्हणालो. "नाटक नाई. मी दारुडा हाये. सत्तर दिवस झाले, पेलो नाई. रोज आठले मोबाइलवर तशाच लोकायसंग बसतो. त्यायच्याशीच बोलत व्हतो, आवाज मोठा झाला."

कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. मुलीच्या आत्यानं पदर सावरत विचारलं, "म्हणजे खरंच पीत होते?"

"हो तं," स्वयंपाकघराच्या दारातून माझी बायको म्हणाली. "मी पाह्यलं ना. तुमाले काय इचाराचं ते मले इचारा."

व्याही फार नम्रपणे म्हणाले की त्यांची काही हरकत नाही, उलट कौतुकच आहे, फक्त शील देण्यासाठी ते त्यांच्याकडचे बौद्धाचार्य सोबत आणतील, चांगले शिकलेले आहेत. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दादा म्हणाला, "आणा, आणा!"

दुसऱ्या दिवशी पुतण्या दुकानात आला. स्टुलावर बसून सवयीनं तारेचं टोक हातात घेतलं. "काका, मी बोलू का बाबासंग?"

"नको. लग्न तुयं हाये, मायं नाई."

"बरं," तो म्हणाला आणि गेला. त्यानं मला न विचारता बोलायला हवं होतं, असं मला फार वाटलं. पण तो न विचारता बोलणारा असता, तर बापानं पाठवलं म्हणून मुकाट्यानं पुण्याला नोकरीला गेलाच नसता.

त्या दिवशी चार वाजता मी दुकानाचं शटर ओढलं आणि लोणारच्या बसमध्ये बसलो. बीबीत प्यालो असतो तर दादाला कळलं असतं, आणि ते समाधान मला त्याला द्यायचं नव्हतं. एवढी अक्कल मला रागातही होती. मनात हिशोब असा की वीस वर्षं पिऊन शील दिलं तेव्हा कोणी माइक काढून घेतला नाही, न पिता काढून घेतला, तर मग न पिण्यात काय ठेवलंय? हिशोब मला एकदम बरोबर वाटला. लोणारला उतरलो, रस्ता ओलांडला आणि बारसमोर उभा राहिलो, तर शटर खाली. दुसऱ्या दिवशी मतदान होतं. ड्राय डे.

माझा केवढा अपमान झाला म्हणून सांगू! खानदानानं टाकलं, आता सरकारनंही. शेजारच्या पानवाल्यानं मला ओळखलं, हनुवटीनं मागच्या गल्लीकडे खूण केली. तिथं मिळते हे मला माहीत होतं. त्या गल्लीची मी तीन घरं सांगू शकतो. मी घड्याळात पाहिलं. साडेसहाची परतीची बस स्टँडवर लागलेली होती. ती पकडली तर आठच्या आत मी टाकीला टेकलेला असेन. त्या गल्लीत गेलो तर नाही. बाकी कसलाही थोर विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी धावत जाऊन बस पकडली, धापा टाकत बसलो आणि पूर्ण रस्ताभर स्वतःवर चिडलो की एवढी वाकडी वाट करून आपण नुसते तिकिटाचे धनी झालो.

आठला मी बैठकीत सगळं सांगितलं. "आज पेलो नाई," शेवटी म्हणालो, "पण त्याचं श्रेय मायं नाई. दुकान बंद व्हतं."

शिंपीकाकांचं मशीन क्षणभर घरघरलं आणि थांबलं. "बंद दुकानाचा दिवसपण दिवसच धरतात हो," ते म्हणाले. बाईंनी विचारलं, "आणि लग्नाला जाणार का?" मी म्हणालो, "नाई जाणार. कशाला जाऊ? पाहुण्यासारखा बसाले?" त्या म्हणाल्या, "हं."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन सदऱ्याचं ते कापड घेऊन आलो.

लग्नाच्या आठवडाभर आधी वहिनी आल्या. दादाचा निरोप होता. अजूनही वेळ गेली नाही, व्याह्यांना एक फोन करून सांग की त्या दिवशी मी मजाक केली. ते मोठ्या मनाचे आहेत, बौद्धाचार्यांना नाही म्हणून सांगतील.

"वहिनी, त्याले म्हणा, फोन नाई करणार. अन् लग्नाले येणार."

"मले तं तुमीच शील द्यावं असं वाटते," वहिनी दाराशी थांबून म्हणाल्या. "पण आमच्या घरात मले इचारून काय होते?"

लग्न सिंदखेडराजाजवळच्या एका कार्यालयात होतं. अकराचं लग्न पावणेदोनला लागलं, ते बरोबरच. सदऱ्याचं ते कापड मी शिवून घेतलंच होतं. बायकोला म्हणालो, मागं बसू. ती म्हणाली, "मागं काऊन? चोरी केली का?" आणि पुढून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. मी तिच्या बाजूला बसलो. दादा मंचाजवळून माझ्याकडे पाहून गेला.

बौद्धाचार्य तरुण होते, आवाज बारीक, उच्चार माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध. पाली तर त्यांना खरंच येत होती. मला जळफळाट करायचा होता, पण त्यांनी जागा ठेवली नाही. त्रिशरण झालं, पहिलं शील झालं, दुसरं झालं, आणि मी बाकीच्यांसारखा मागून म्हणत होतो. तोंडातल्या तोंडात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यात शील मागून कधी म्हटलेलंच नाही. सव्वीस वर्षं पुढं म्हणत आलो. देणारा आपली ओळ म्हणतो आणि पुढच्या ओळीसाठी श्वास घेतो, तेवढ्यात लोक मागून म्हणतात. लोक घेत असतात तेव्हा मी कायम श्वास घेत होतो.

चौथं आलं. ते बौद्धाचार्यांनी वगळलं नाही. बायकोनं कोपर मारलं.

मग पाचवं. बौद्धाचार्यांनी ओळ सोडली आणि मंडपानं ती मागून म्हटली, पण आवाज निम्मा. मला आधी वाटलं माइक गेला. माइक चालू होता. माझ्या मागच्या रांगांतले पुरुष पाचव्याला खाली घसरले होते. कोणी खोकलं, कोणी मोबाइल पाहिला, कोणी ओठ हलवले. बायका मात्र मोठ्यानं म्हणत होत्या. मंचावर माझ्या कानात माझाच आवाज घुमायचा, त्यामुळे इतकी वर्षं हे मला ऐकूच आलं नव्हतं. मी समजत होतो, सगळा मंडप माझ्यामागं आहे.

बौद्धाचार्य पुढचं बोलणार इतक्यात मी उठून उभा राहिलो. काय करतोय हे ठरवलेलं नव्हतं. उभा राहिलो आणि पाचवं शील, मागून म्हणायचं तेच, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, शेवटच्या खुर्चीला जाईल असं म्हटलं. एकट्यानं.

सगळा मंडप वळला. माझ्या मागचा चुलतभाऊ म्हणाला, "बस ना बे, माइकवाला पळून जाईन." दोघंचौघं हसले. दादा लाल झाला. व्याही आपल्या बुटांकडे पाहू लागले. पुतण्या हार सावरत माझ्याकडे पाहत होता आणि त्याची नवरी त्याला काहीतरी विचारत होती, बहुतेक, हेच का ते. बौद्धाचार्य क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि पुढं गेले. मी खाली बसलो. बायको पुढं पाहत म्हणाली, "या येळी एकदाच म्हटलं. बरं झालं."

जेवणाच्या वेळी दादानं मला हात धुण्याच्या नळाशी गाठलं.

"काऊन केलं तू असं? साऱ्यायसमोर?"

"घेतलं मी ते, दादा. पयल्यांदा घेतलं. हळू घेतलं असतं तं घेतल्यासारखं वाटलं नसतं."

"मायं तोंड काळं केलं तू."

"मी मायंच नाव घेतलं. तुयं घेतलं का?"

त्यानं वाहता नळ बंद केला. मग म्हणाला, "आयक. या घरात यापुढं कोणतंही कार्य होऊ दे, तुले माइक भेटणार नाई. मी हाये तवर नाई."

"नको देऊ," मी म्हणालो. "मी घ्याले येईन."

दादा शब्दाचा पक्का आहे. त्यानंतर खानदानात दोन लग्नं आणि एक नामकरण झालं. तिन्ही ठिकाणी दुसऱ्यांनी शील दिलं. मी गेलो. संध्याकाळी आठच्या आत गच्चीवर पोचेन अशा बेतानं गेलो. पाचव्याला उभा राहिलो आणि म्हटलं. आता लोकांना माहीत झालंय. मी मंडपात शिरलो की पुरुष मंडळी आधी पाहतात मी कुठं बसतो, आणि मग लांब जाऊन बसतात. आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. एकीवर बायको पर्स ठेवते, दुसरीवर मी पाय लांब करून घेतो.